सभामंडपातले पाचवे आसन

प्रिय धाकटे बंधू सादाओ यास अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि सौ. हारुएचा राग, दोन्ही थंडीत वाढतात, दोन्ही जपावेस. इथे डोंगरावर परवा दव गोठले. मी ठीक आहे (ही तक्रार नव्हे, माहिती).

नगर कार्यालयाने आपल्या देवळाचा सभामंडप 'सामायिक कार्यस्थळ' केला, त्याचे काय झाले, असे तू विचारलेस. अट एकच होती: पाच माणसे कायम बसलेली हवीत, नाहीतर कुलूप. तोक्योहून पाच मुले आली. दिवसभर संगणकापुढे मांडी घालून, कानात बोळे घालून पुटपुटत बसतात. अकरा वर्षे मठात संस्कृत मंत्र घोकून मला न साधलेली समाधी त्यांना पगारी साधली. (सर्व काही अनित्य, हे मी तीस वर्षे सांगतो आहे, इंटरनेटने ते एका दुपारी पटवले.)

गेल्या मंगळवारी त्यांतला कुजिराई पडद्यावरच्या साहेबांची माफी मागत जमिनीला कपाळ टेकून बसला होता. नेमके तेव्हाच इंटरनेट अडकले आणि साहेब काळ्या चौकटीत, गंभीर मुद्रेने, निश्चल झाले. शेजारच्या तोकी आजी खारवलेला मुळा द्यायला आल्या होत्या. मृताच्या फोटोला असते तशी काळी चौकट, पुढे पालथा पडलेला मुलगा, त्यात जागा देवळाची. कोणत्याही जाणत्या बाईने केले असते तेच त्यांनी केले: मृतासाठी ठेवतात तशी, जेवायच्या काड्या उभ्या खोचलेली भाताची वाटी साहेबांपुढे ठेवली, उदबत्ती लावली, घंटी वाजवली. घंटी ऐकताच पलीकडच्या खोलीतून मी मृतासाठीचा पाठ सुरू केला (सवय, दुसरे काय). तेवढ्यात इंटरनेट आले.

"आजी, मी जिवंत आहे," साहेब म्हणाले.

"सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं, बाळा," आजी म्हणाल्या. "भात खाऊन घे, वाट लांबची आहे."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या तपासण्या करून घेतल्या (हृदय उत्तम) आणि कुजिराईला तोक्योला परत बोलावले. आजी मला रोज विचारतात, "साहेब गेले बिचारे, पोराची नोकरी तरी राहिली का?"

असल्या लोकांपासून तू दूर आहेस, हेच बरे. शहरात सुखाने राहा.

तुझा थोरला भाऊ,
काइगेन

ता. क. सोमवारी कार्यालयाचा तपासनीस माणसे मोजायला येतो आहे. चार आहेत. कुलूप लागले तर तीही जातील. ही मुले येण्यापूर्वी तोकी आजी आठवडा आठवडा कुणाशी बोलत नसत. माझ्याशीही नाही, मी मुळा खात नाही. तेव्हा रविवारच्या बसने ये. संगणक बिघडलेला असला तरी चालेल. काम काही करायचे नाही, नुसते बसायचे. तुझा तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पुरेल.

ता. ता. क. निवृत्त झालास हे तिथे बोलू नकोस. तुझे साहेब म्हणून पलीकडच्या खोलीतून फोनवर मीच बोलेन. तुला रागावण्याचा मला साठ वर्षांचा सराव आहे. तपासनिसाला शंका येणार नाही.