न्हाणीघरातली पिवळी ज्योत

२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या घोट्याचं प्लास्टर अजून महिनाभर राहणार हे वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडं हसूही आलं. तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात बॉयलर सांभाळलास, साधा चटका बसला नाही. आणि पडलास कुठे, तर घरच्या पायरीवर!

पत्राचं कारण म्हणजे नव्या घरातला गॅसचा गीझर. हे तीन महिन्यांच्या कामगिरीवर गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याने छळ मांडलाय. आत एक छोटी ज्योत कायम जळत असते, घरमालक तिला पायलट म्हणतात. ती विझते. बटण दाबून काडी लावावी, निळी ज्योत धरते, आणि पंधरा मिनिटांत गुल. काल अंगाला साबण लावलेला असताना पाणी बर्फ झालं. मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

सासूबाई म्हणतात, यंत्राला माणूस कळतो, तू भित्री आहेस हे त्याने ओळखलंय. त्यांचं काही चूक नाही. काडी पुढे करते आणि तोंड फिरवते, मग बोट भाजतं. न्हाणीघर म्हणजे कपाटच. खिडकी नाही, वर एक जाळीचा झरोका तेवढा. मिस्त्री महिनाअखेरीस येईल म्हणतात. तोवर काय करू ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
टिटवी

&nbsp;

६ डिसेंबर

चि. सौ. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी एवढी हसली की चहा सांडला, तोही माझ्या प्लास्टरवर. बॉयलरवाल्याची बहीण आणि पायलटला भिते! कुणाला सांगू नकोस.

आता नीट वाच. काडी ओढण्याआधी वास घे. गॅसचा वास आला तर कॉक बंद कर, दार उघड आणि दहा मिनिटं बाहेर थांब. वास नसेल तर बटण दाबून ज्योत लाव आणि मनात साठ मोजेपर्यंत बोट उचलू नकोस. ज्योतीत एक बारीक सळी असते, ती तापली तरच गॅस चालू राहतो. तू बारापर्यंत मोजून पळत असशील, मला ठाऊक आहे. गीझर गार असताना ज्योतीच्या तोंडाशी जमलेली धूळ जुन्या टूथब्रशने झाड.

पण माझं विचारशील तर खरा चोर तो झरोका. थंडीतला वारा सरळ ज्योतीवर येत असणार. जाड कापडाचा बोळा करून जाळीत घट्ट कोंब. मिस्त्रीची वाट कशाला बघायची? न बघता सांगतो, पायलट विझला तर नाव बदलेन. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि यंत्राला माणूस कळतो हे त्यांचं म्हणणं मला पटलं असंही सांग.

तुझा,
दादा

&nbsp;

१२ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलास! बोळा कोंबला त्या दिवसापासून पायलट एकदाही विझला नाही. न्हाणीघर उबदार झालंय, बाहेर यावंसं वाटत नाही. ज्योतही बदलली. आधी निळी, टोकदार असायची. आता पिवळी, लांब आणि जरा डुलणारी. सासूबाईंना ती जास्त आवडते. गीझरच्या वर भिंतीला काजळी धरते, ती मी एक दिवसाआड पुसते.

बाकी तब्येतीची कुरकुर आहे. रोज सकाळी डोकं असं ठणकतं की फणी लावू देत नाही. परवा प्रेसमध्ये मुद्रितं तपासताना माझ्या डोळ्यांखालून आख्ख्या सात ओळी निसटल्या. फोरमन नुसते चष्म्यावरून बघत राहिले. आमच्याकडे बोलणी खाण्यापेक्षा ते वाईट. गंमत म्हणजे प्रेसमध्ये तासभर बसलं की ठणका आपोआप उतरतो. सासूबाईंना दोनदा आंघोळीनंतर उलटी झाली, भिंत धरून बाहेर आल्या. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणाल्या, ऋतू बदललाय, माणसं नाहीत बदलली.

उद्या-परवा त्यांना दाखवून आणतेच. रविवारी जरा निवांत केस धुणार आहे. काळजी नको.

तुझी,
टिटवी

&nbsp;

१५ डिसेंबर, शनिवार

चि. सौ. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. ‘पिवळी’ या शब्दापाशी वाचणं थांबवून वहिनीला हाक मारली. वहिनी रिक्षा करून मला तारघरात घेऊन गेली. तुमच्या प्रेसला फोन लावला, वाजत राहिला. शनिवारी अर्धा दिवस असतो हे तू मागे कधीतरी लिहिलं होतंस. मग तातडीची तार केली: गीझर पेटवू नका, बोळा काढा, दार उघडा. तार उद्यापर्यंत पोचेल म्हणतात. उद्या रविवार. तू केस धुणार.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे कळतं मला. तरी लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही. ज्योत पिवळी झाली म्हणजे तिला हवा पुरत नाही. अशी ज्योत जो वायू सोडते त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतं, उलटी होते, झोप येते, आणि माणूस झोपतो. बाहेर गेलं की उतरतं. तू सगळं लिहिलं होतंस. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आधी धुराडं बघ, मग आग. आणि बहिणीला धुराड्याचं न विचारता, न बघता सांगून टाकलं की हवेची वाट बुजव.

पाय धड असता तर मिळेल त्या गाडीने निघालो असतो. वहिनी निघू का म्हणते, पण पोचायला दोन दिवस. मला एक ओळ पाठव. फक्त तुझ्या अक्षरातली हवी.

दादा

&nbsp;

१७ डिसेंबर

चि. दादास,
टिटवीच्या सासूचे अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नका. आधी हे वाचा: ती जिवंत आहे, बोलते आहे, आज सकाळी पेजेचे चार घोट घेतले. आता पुढचं सांगते.

रविवारी साडेनऊला तारवाला आला. ती न्हाणीघरात होती. अर्धा तास झाला म्हणून मी दोनदा दार वाजवून टोमणाही मारला होता की नदी आटवू नकोस. माझा चष्मा सापडेना, म्हणून त्यालाच तार वाचायला सांगितली. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. मी हाका मारल्या. आत पाणी पडत होतं, आणि ती काही बोलत नव्हती. तारवाल्याने खांद्याने तीन धक्के दिले तेव्हा कडी तुटली.

भिंतीला टेकून बसली होती. गाल गुलाबी, चेहरा असा तजेलदार की क्षणभर मला वाटलं, थट्टा करते आहे. चादर गुंडाळून आम्ही तिला जिन्यात ओढलं, सगळी दारं उघडी टाकली. त्या थंडीत मी तिचे तळवे चोळत होते आणि तिला नाही नाही ते बोलत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. तारवाला डॉक्टरांना घेऊन आला. इस्पितळात रात्रभर नाकाला नळी होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर त्यांना बोलवायचं कारण उरलं नसतं.

आज दुपारी मिस्त्री येऊन गेला. गीझरची धुराची नळी छतावर जाते, तिच्यात पक्ष्याचं वाळकं घरटं निघालं, दोन वर्षांपूर्वीचं तरी असेल. पायलट वाऱ्यानेच विझत होता, तुमचं तेवढं बरोबर होतं. पण नळी बंद असताना त्या झरोक्यामुळेच आम्ही इतके दिवस जगलो, असं तो म्हणाला. तुमच्यापासून हे लपवणार नाही. आणि दुसरंही लपवणार नाही: ती स्टुलावर चढायला भीत होती. बोळा मी कोंबला, तोही ठोकून ठोकून.

मुलाला तार केली आहे, तो निघाला. तुम्ही जेवा. टिटवीच्या वहिनींनाही जेवू द्या.

तुमच्या बहिणीची सासू

&nbsp;

२७ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घे, माझ्या अक्षरातलं पत्र. ओळी वरखाली जातात, बोटांना अजून कंप आहे. जाईल म्हणतात.

हे आलेत. घरमालकांनी गीझर काढून नेला. आम्ही चुलीवर पाणी तापवतो, आणि मी दार लोटून, कडी न लावता आंघोळ करते. सासूबाई बाहेर स्टूल टाकून बसतात, आणि मी गप्प झाले की लगेच हाक मारतात. मग मी सबंध वेळ काहीबाही बोलत राहते. काल तर त्या निसटलेल्या सात ओळींची सगळी हकिकत सांगितली.

तुझं पंधरा तारखेचं पत्र त्यांनी मला इस्पितळात वाचून दाखवलं. तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस होता. मग आठवलं की मिस्त्रीची वाट बघण्याऐवजी तुला विचारणारी मीच, कारण तुला सगळं येतं असं मला लहानपणापासून वाटतं. यापुढे एखादी गोष्ट न बघता कळत नसेल, तर ‘मला ठाऊक नाही’ असं लिही. मी हसणार नाही.

एक गोष्ट यांना सांगितली नाही, तुला सांगते. त्या दिवशी आत मला भीती वाटलीच नाही. मी, जी काडीला भिते! पाय जड झाले, ऊब छान वाटली, आणि मनात आलं की जरा बसावं, घाई काय आहे. सासूबाईंची हाक ऐकू आली होती दादा. उत्तर द्यायचा कंटाळा आला. रोज सकाळी जाग आली की आधी हेच आठवतं, आणि मग मी उठून घरातली एकेक खिडकी उघडते. यांना हुडहुडी भरते, पण अजून कुणी मला थांबवलेलं नाही.

प्लास्टर निघालं की ये. माया आहे ती आहेच. तू आलास की ती डोळ्यांना दिसेल.

तुझी,
टिटवी