नवे सॅडल

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गिटार मिळाली. नुसती पुसून दे, भिंतीवर टांगायची आहे, असं मी दहादा बजावलं होतं. तू ब्रिजवरचे, तारा टेकतात ते सहाही सॅडल बदललेस आणि खोक्यात साधी चिठ्ठी टाकली नाहीस. वाद्यदुरुस्तीचं दुकान तुझं असेल, गिटार माझी आहे.

राहवलं नाही म्हणून वाजवली. खाली सूर, आणि अगदी वर गळ्यावरच्या बाराव्या पडद्यावरही सूर. दादा, हीच गिटार वर गेलं की बेसूर व्हायची. बाबा चारचौघांत सांगायचे, हिला कानच नाही. पंधराव्या वर्षी मी ती माळ्यावर टाकली. आता खरं सांग, खोट कुठे होती? गोड बोलून टाळू नकोस.

वहिनीला नमस्कार, तुला नाही.

तुझी संतापलेली बहीण

ता. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

खोट जुन्या सॅडलमध्ये होती आणि ती मी केली होती. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते खरखरायचे, डोकं उठायचं. तू शाळेत असताना मी त्यांच्या स्क्रूंवर पक्क्या गोंदाचे थेंब सोडले. खरखर थांबली, पण सॅडल मागेपुढे सरकेनात. मग वरचे सूर जुळणार कसे? हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. तोवर तू वाजवणं सोडलं होतंस, आणि माझी जीभ रेटली नाही.

नवे बसवले की गुपचूप मिटेल असं वाटलं. चुकलो. बाबांना मात्र सांगू नकोस, या वयात त्यांना लागेल.

माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

ता. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

त्यांना लागेल म्हणे! मला वीस वर्षं लागत राहिलं त्याचं काय? रविवारी बाबा आले. तुझं पत्र मी त्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, वाजव. मी वाजवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, अजून बेसूरच आहे.

मी सूर तपासायचा ट्यूनर लावला. प्रत्येक तारेला काटा मधोमध. त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं, हे यंत्र बिघडलंय, दादाकडून दुरुस्त करून घे.

तुझ्यावरचा राग उतरलेला नाही. फक्त आता त्यात बाबांचाही वाटा आहे. सोमवारपासून मी गिटारचा क्लास लावलाय.

लोभ आहे, पण सध्या मागू नकोस.

तुझी बहीण