मिसळणाच्या डब्यातले प्रायमर

बोझमन, मोंटाना
१९ ऑक्टोबर

सौ. उल्कावन्सं यांना सुलभाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं. नसेल देत तर पट्टा बांधा, नुसतं चोळत बसू नका. माझी प्रकृती उत्तम. पुरुषोत्तमांची कशी आहे ते तुम्हीच कळवायचं, कारण तुमचे बंधू गेले एकोणीस दिवस एडिसनला तुमच्याकडे आहेत. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन तेच उचलतात आणि माझा आवाज ऐकला की 'राँग नंबर' म्हणून ठेवतात. म्हणून पत्र. ते परत केव्हा येणार हे मी विचारत नाही. त्यांची बाजू तुम्ही चहाबरोबर रोज ऐकत असाल, माझी एकदा वाचा.

यंदा सहा वर्षांनी सोडतीत माझं नाव लागलं आणि एल्कच्या शिकारीचा परवाना मिळाला (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा घोड्याएवढा भाऊ). सात नोव्हेंबरपासून शिकार सुरू. काडतुसं मी घरीच भरते. एम.एस्सी. रसायनशास्त्र केलं १९७८ साली, पण तराजूची सवय गेलेली नाही. पुंगळीच्या बुडाशी प्रायमर नावाची पिटुकली वाटी बसवतात. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात टिकली वाजते तोच प्रकार: वरून आघात झाला की ती पेटते, आतली दारू पेटवते आणि गोळी जाते. मॅग्नम काडतुसात दारू पुष्कळ आणि सावकाश जळणारी असते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत साध्या प्रायमरची आग तिला पुरेलच असं नाही. तुमच्या माहेरचा बंब आठवा. नुसत्या काडीने पेटायचा नाही, रॉकेलचा बोळा लागायचा. मॅग्नम प्रायमर म्हणजे तो बोळा. पण म्हणून डोळे मिटून तोच घालावा असंही नाही. त्याने दाब वाढतो, तेव्हा प्रायमर बदलला की दारूचं माप पुन्हा कमीपासून ठरवत यावं लागतं. पुस्तकात असं आहे आणि मी पुस्तकाप्रमाणे चालते.

सप्टेंबरात मी दोन्हींची परीक्षा घेतली. दहा काडतुसं आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवली, ओल्या नारळाच्या डब्याशेजारी. (हे तुम्हाला सांगितलं गेलं असणारच. डब्याला झाकण होतं.) नेमबाजीच्या मैदानावर मी गोळ्या झाडायच्या आणि यांनी गोळीच्या वेगमापकावरचे आकडे मोठ्याने वाचून वहीत लिहायचे, अशी आमची पद्धत. साध्या प्रायमरचे आकडे वेडेवाकडे आले. एक बार तर 'टक्' करून क्षणभर गप्प बसला आणि मग फुटला. मॅग्नमचे पाचही आकडे जवळजवळ सारखे. निर्णय झाला. उरलेले दोन्ही प्रकारचे प्रायमर आपापल्या खोक्यांत गॅरेजमध्ये ठेवले.

त्यानंतर मी दोन तास दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि तुमच्या बंधूंनी गॅरेज आवरलं. दोन खोकी, दोन्ही अर्धी. त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी माझा जुना मिसळणाचा डबा काढला, दोन्ही खोक्यांतले प्रायमर एकाच वाटीत ओतले, मोहरीच्या चमच्याने सारखे केले, घट्ट झाकण लावलं आणि खोकी रद्दीत टाकली. वन्सं, दोन्ही प्रायमर आकाराने सारखे, रंगाने सारखे. आता साधा कुठला आणि मॅग्नम कुठला, हे ब्रह्मदेवाला विचारावं लागेल. शिवाय ते धक्क्याने पेटतात, एक पेटला की शेजारचे पेटतात, म्हणून तर कारखान्यातून एकेकाला वेगळा खण देऊन पाठवतात. माझ्याबरोबर शिकारीला येणारा लहू (नागपूरचा, इथे गुरांचा डॉक्टर आहे) तेव्हा आला होता. त्याने डब्यात डोकावून विचारलं, "ताई, फोडणी केव्हा द्यायची?" मी हसले नाही. अग्निशमन केंद्राला फोन केला. मिसळणाचा डबा म्हणजे काय हे तिथल्या बाईंना समजावण्यात बारा मिनिटं गेली. मग त्यांची माणसं येऊन डब्यासकट सगळं घेऊन गेली.

ती गेल्यावर मी यांना म्हणाले, "चाळीस वर्षांत एक काम धड केलं नाहीत." हे रागावलेसुद्धा नाहीत. एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी "दिवाळीच्या खरेदीला जातो" म्हणून एडिसनला आले. दोन पिशव्यांची खरेदी एकोणीस दिवस चालत नाही.

इथे दुकानात आधीचे प्रायमर संपलेले. दुसऱ्या कंपनीचे मॅग्नम मिळाले, म्हणजे माप पुन्हा पहिल्यापासून. गेले तीन रविवार मी एकटी मैदानावर जाते. गोळी झाडायची, बंदूक ठेवायची, उठायचं, चष्मा बदलायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, परत बसायचं. काल वहीत तीनचा आठ झाला आणि पाच गोळ्या फुकट गेल्या. यांचं अक्षर चांगलं आहे, एवढं मी कबूल करते. बाकी काही म्हणणं नाही.

भाऊजींना नमस्कार, आर्यला आशीर्वाद.

तुमची,
सुलभा

ता.क. यांनी विचारलेला प्रश्न असा होता: "दोन अर्धे डबे दिसले की एकात करायचे, हा नियम या घरात कुणाचा?" नियम माझा आहे. १९८४ पासून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना तो पाठ करायला लावला होता, दोन बरण्यांतल्या तुरीच्या डाळीवरून. हे त्यांना सांगायला हरकत नाही.

ता.क. २. मिसळणाचा डबा गेल्यामुळे सध्या मोहरी पुडीतून, जिरं पुडीतून आणि हळद कात्री लावलेल्या पिशवीतून घेते आहे. तुमच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत सात वाट्यांचा चांगला डबा मिळतो. तेवढा पाठवा. पोस्टाने नको, वाट्या चेपतात. सहा नोव्हेंबरच्या आत इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हातीच द्या. असा माणूस तुमच्या घरात एकच आहे.