रोबोटवर फोडलेला नारळ

आबा,

सर्किट जळलं, म्हणून नवीन आणायला शिरूरला चाललेय. उद्या पुण्यात माझ्या पहिल्या रोबोटची लढत, आन् मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही त्याच्याच पात्यावर नारळ फोडलात! तो काय ट्रॅक्टर हाय? झाकण उघडं, बॅटरी जोडलेली. पाणी सगळं आत गेलं. आता समोरच्या रोबोटला मोडायला काय ठेवलंत?

चार महिने त्याला भंगार म्हणत होता, ढुंकून बघितलं न्हाई. आजच बरी पूजा सुचली!

मी येईस्तोवर त्याला हात लावू नका. कुंकू पुसायलाबी नको.

तुम्ही आळीभर प्रसाद वाटत फिरताय म्हणं. त्यातला माझा खोबऱ्याचा तुकडा ठेवा.

स्वप्नाली