ढालीचे चार स्क्रू

२ फेब्रुवारी, रविवार
लीगचे सचिव मल्लिनाथ यांनी बजावलं, म्हणून लिहायला बसले आहे. त्यांचं म्हणणं, भुवनेश्वरीताई, तुम्ही रागाच्या भरात चाली लिहून ठेवायला विसरता, रोज काहीतरी लिहायची सवय लावा. मला राग येत नाही. तरी रोज लिहिणार.
पुढच्या रविवारी महिला बुद्धिबळ लीगची फायनल. जुळे सोलापूरकडून मी, शुक्रवार पेठेकडून गुलनाज. दातांची डॉक्टर आहे. पटासमोरही हसत असते. फिरती ढाल तीन वर्षं आमच्या हॉलमध्ये आहे. आता तिला फिरायचं कारण दिसत नाही. यांनी भिंतीत स्क्रू मारून पक्की केली. तिरकी बसली होती. सरळ करून घेतली.

५ फेब्रुवारी
दोन दिवस लिहिलं नाही. विचार चालू होता.
सेमीफायनलवरून बायका अजून कुजबुजतात म्हणे. चंद्रिकाची बांगडी वजिराला लागली, मी तोच हलवायला लावला, ती हरली. हात लावला की चाल, हा नियम. बांगडी हातातच असते.

८ फेब्रुवारी
यांच्याशी सराव. जिंकले. हे मोबाईल बघत होते, तो त्यांचा प्रश्न. वर मलाच सांगतात, डाव बरा आहे, पण हात आवर, सारखी मोहरी नीट करत असतेस. नीटनेटकेपणा दोष कधीपासून झाला?
उद्याचं भाषण तयार. थोडक्यात आहे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
डाव माझाच होता. माझा वजीर राजाच्या रक्षणाला उभा, तो हलत नाही तोवर भीती नव्हती. फक्त पटावरच्या आपल्या घराच्या रेषेवर आला होता. मधोमध सरकवला. आधी ‘नीट करते’ म्हणायचं असतं. मला माहीत आहे, सगळ्यांना मीच सांगते.
गुलनाज हसली. “मावशी, हात लागला की.”
मी म्हटलं, नुसता नीट केला.
“तुम्ही बांगडी मोजता. हा तर आख्खा हात आहे की.”
मल्लिनाथांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. चंद्रिकाने खुर्ची जवळ ओढली.
वजीर हलवला. पुढच्याच चालीत मात.
चाली लिहिल्या नाहीत. राग नव्हता. पेन चालत नव्हतं.

१० फेब्रुवारी
गुलनाज स्कूटीवर आली. चहा घेतला. यांनी स्क्रू काढले, जरा जास्तच उत्साहाने. भोकं बुजवायची नाहीत, असं सांगून ठेवलं आहे.
तिला दिलं: ढाल एक, स्क्रू चार, पुसायचं फडकं एक.
ढाल तिने स्कूटीवर तिरकी ठेवली. मी हात मागे धरून उभी राहिले.