दोन लिटरचं औषध

मुकुंदनगर, नगर
रविवार, सकाळ

प्रिय पंका,

काल सकाळी तुझ्या कल्याणचा फोन आला होता. बिचारा रडकुंडीला आला होता. "मावशी, आई ऐकतच न्हाई. औषधाची पिशवी फडताळात ठेवलीय, तिला हातसुद्धा लावत न्हाई." गुरुवारी इथे नगरच्या दवाखान्यात दुर्बीण घालून तुझं मोठं आतडं बघायचं आहे, त्याआधी पोट धुऊन काढणारं औषध प्यायचं आहे, आणि ते प्यायला तू साफ नकार दिला आहेस, एवढं मला कळलं. चार महिने रक्त पडतंय ते तू मूळव्याध म्हणून अंगावर काढलंस, तेही काल कळलं. मला का नाही सांगितलंस, यावर भांडण नंतर. "हात दाखवून अवलक्षण कशाला? इब्राहिमभाईला त्या औषधानंच पाडलं. मी न्हाई घेनार," असं तू म्हणालीस म्हणे. ते वाक्य ऐकलं तेव्हा मी उभी होते, ती खाली बसले.

फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य तरी पुरं करू दिलं आहेस का? एकतीस वर्षं मी शाळेत पोरांना गप्प बसवलं, तुला एकदाही जमलं नाही. म्हणून पत्र. माझा काशिफ उद्या तुमच्या मिरजगावला माल उतरवायला येतोय, त्याच्या हाती देते. पाकीट चांगलं गोंद लावून चिकटवलंय, मुलाने मध्येच उघडू नये म्हणून. चष्मा शोध, सुनेला म्हणावं तासभर हाक मारू नकोस, आणि शेवटपर्यंत वाच. मधलं गाळून शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

जुलाबाचं औषध म्हटलं की मला अजून तुमच्या पडवीतला एरंडेलाचा वास येतो. शाळा उघडायच्या आधीचा रविवार. तुझी आई, आमची बायडाबाई, दिवस उगवायच्या आत चूल पेटवून आल्याचा कोरा चहा उकळायची आणि गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर ओळीने बसवायची. अम्मी मला आणि अमजदला वेणीफणी, भांग सगळं करून पाठवायची, जशी काही लग्नाची वरातच निघाली आहे. आमच्या घरात एरंडेलाची बाटली कधी आलीच नाही, ते काम गल्लीने तुझ्या आईकडे सोपवलं होतं. ती वाटी हातात द्यायची आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. ओकलं तर दुसरी वाटी, त्यामुळे ओकायची कुणाची छाती नव्हती. मग दिवसभर टमरेल घेऊन ओढ्याकडे धावपळ. तू दारात बसून कोळशाने भिंतीवर रेघा मारायचीस, कोण कितव्यांदा गेलं त्याच्या. एका वर्षी अमजदच्या नावावर अकरा रेघा झाल्या तर माझा भाऊ पुढे महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी मऊ भात, मीठ आणि वर तुपाची धार. पंका, नंतर किती दावती जेवले, पण तशी भूक आणि तशी चव पुन्हा नाही मिळाली.

तू मात्र दारात निवांत बसलेली कशी, हे त्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या मामाने कर्जतहून आणलेली हिरवी रिबीन मला हवी होती आणि तुला एरंडेल नको होतं. आई चहा आणायला वळली तशी तुझी वाटी मी घशाखाली घातली. दोन वाट्या! मी तर त्या दिवशी ओढ्याकाठीच मुक्काम ठोकला. रिबीन मिळाली, पण ती बांधायला डोकं वर धरवत नव्हतं. आठवलं की अजून एकटीच हसते. या वेळी मात्र तुझा वाटा तुलाच प्यावा लागणार आहे.

बायडाबाईचा एक कायदा होता, तो तुला आठवत असेलच. एरंडेलाच्या दिवशी पाणी बंद. माठावर घमेलं पालथं घालून त्यावर वरवंटा ठेवायची. "पानी पिऊ नगा रं, औषध इझतंय," म्हणायची. आमचे ओठ सुकायचे, अमजद तर रडायचा, पण संध्याकाळी सगळी पोरं ठणठणीत, त्यामुळे कायदा खराच वाटायचा. मला तो पाढ्यासारखा पाठ झाला. तिला मी मुळीच दोष देत नाही. तिने आपली सगळी पोरं जगवली, शिवाय अम्मीची दोघं.

काशिफच्या अब्बांना, तुझ्या इब्राहिमभाईला, जाऊन येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. घरात अजून त्यांची पाना-पक्कडीची पेटी आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तरी शेजारपाजारची शिलाई मशिनं, पंखे, फवारणीचे पंप दुरुस्त करत बसायचे. तुझ्या घरचा पंप त्यांनी तीनदा उघडला होता आणि तिन्ही वेळा एक स्क्रू उरला होता. आमच्या निकाहच्या दिवशी तू बायकांतून मान उंच करून त्यांना बघितलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "शबे, कान लई मोठे हायेत, पन ऐकनारा दिसतोय." ते त्यांनी ऐकलं होतं. पुढे पस्तीस वर्षं आमचा वाद झाला की हसून म्हणायचे, पंकाताईने मला लेखी दिल्यासारखंच आहे, मी ऐकणारा आहे. तुला ताई म्हणताना त्यांच्या आवाजात जी माया असायची ती मी माझ्या नणंदांसाठीही ऐकली नाही.

काल कल्याणने तुझ्या कागदाचा फोटो पाठवला, तो घेऊन मी दुपारी दवाखान्यात गेले आणि तिथल्या सिस्टरकडून एकेक ओळ समजून घेतली. ती वैतागली, पण मी मास्तरीण, सोडते काय! तर ऐक. मंगळवारपासून तुझी बाजरीची भाकरी बंद. शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, पेरू, तीळ, बिया असलेलं काही नको. मऊ भात चालेल. बुधवारी दिवसभर फक्त आरपार दिसेल असं पातळ. लगेच शिपी आमटीची वाटी पुढे ओढू नकोस, पातळ असली तरी ती लाल आहे आणि तिच्यात डाळ आहे. गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा, साधं पाणी, हे भरपूर. पाकिटातली पूड पूर्ण दोन लिटर पाण्यात कालवायची, पेलाभरही कमी नाही. अर्धं औषध बुधवारी संध्याकाळी, अर्धं गुरुवारी पहाटे, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. माठातल्या गारव्याने चव जरा बरी लागते. मळमळलं तर थोडा वेळ थांबायचं, पण सोडून द्यायचं नाही. मध्ये मध्ये साधं पाणी प्यायचंच, आणि तपासणीआधी किती तास तोंड बंद ठेवायचं ते कागदावर लिहिलंय तसंच. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणीच पडायला लागलं म्हणजे आतडं धुतलं गेलं. आतडं धुतलंच नाही तर डॉक्टरला आत काही दिसत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो.

तुझी बीपीची आणि साखरेची गोळी त्या दिवशी घ्यायची का, किती घ्यायची, हे डॉक्टरच सांगतील. आपल्या मनाने घ्यायची नाही आणि आपल्या मनाने सोडायचीही नाही. कल्याणला म्हणावं सोमवारीच विचारून लिहून घे, आणि तुझ्या बाकीच्या दुखण्यांचीही यादी त्यांना दे, लपवू नकोस. चक्कर आली, उलट्या थांबेनात, छातीत धडधडलं, पोटात कळ आली, लघवी होईनाशी झाली, तर औषध तिथेच थांबवून दवाखान्यात फोन करायचा. बाथरूमला आतून कडी लावायची नाही आणि घरात कुणीतरी जागचं न हलणारं माणूस पाहिजे. लाजायचं काय त्यात? गल्लीतल्या सगळ्यांच्या रेघा तू भिंतीवर मारल्या आहेस.

एवढं सगळं मला आता पाठ आहे, पंका. तेव्हा नव्हतं. तेव्हा असाच कागद, असाच मराठीत छापलेला, दवाखान्याने इब्राहिमच्या हातात दिला होता आणि मी तो न वाचता टीव्हीखाली सरकवला. वर्गात पोरांना प्रश्न दोनदा वाचायला लावणारी मी, एकदाही वाचला नाही. मला वाटलं, जुलाबाचं काय एवढं, बायडाबाईच्या हाताखाली शिकले आहे मी. पाकीट मी एका तांब्यात कालवलं, जरा कडक झालं तर लवकर काम होईल म्हणून. बीपीची गोळी रोजच्यासारखी दिली, साखरेचीही दिली, आणि पाणी बंद केलं. चार-पाच वेळा जाऊन आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, औषध विझेल. परत मागितलं. तिसऱ्यांदा ते स्वतः उठून माठापाशी गेले, ग्लास भरला, आणि मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ते मागे फिरले. ऐकणारा माणूस होता. परत बाथरूममध्ये गेले ते पडल्याचाच आवाज आला. डोकं नळावर आपटलं होतं, नाडी हाताला लागत नव्हती. चार दिवस सलाईन, मूत्रपिंडावर ताण, तपासणी रद्द. डॉक्टरांनी विचारलं, औषध कसं दिलं होतं? मी म्हटलं, सांगितलं होतं तसंच. मग तेच मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं, की औषध त्यांना मानवलं नाही. पुन्हा तपासणीला जायला ते भ्यायले आणि मी जोर केला नाही. जोर केला असता तर डॉक्टरांनी पुन्हा सगळं विचारलं असतं. आठ महिन्यांनी पुण्याला पोट उघडलं तेव्हा गाठ लिव्हरपर्यंत गेली होती. आधी सापडली असती तर काढता आली असती, हे तिथल्या डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितलं. माझ्याकडे बघूनही नव्हे.

तो कागद मला पेन्शनची कागदपत्रं शोधताना सापडला, ते गेल्यावर दीड महिन्याने. तेव्हा दोनदा वाचला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, म्हणून दोन वर्षं झाकूनच ठेवली. काशिफलाही माहीत नाही, उद्या तो परत आला की त्याला समोर बसवून सांगणार आहे. पण त्याच्याआधी तुला लिहिलं, कारण माझं ते खोटं आता तुझ्या घरात जाऊन बसलं आहे आणि तुला औषध घेऊ देत नाही. त्यांना औषधाने पाडलं नाही, पंका, मी पाडलं. तुझी ताई म्हणवून घ्यायची हौस ज्याने पुरवली त्याचा जीव माझ्या अडाणी शहाणपणाने गेला. आता माझं तोंड बघू नयेसं वाटलं तर ते बरोबरच आहे. शिव्या दे, मला चालतील. चार लोकांत सांग, तेही चालेल. पण माझ्यावरचा राग त्या औषधावर काढू नकोस. पहाटेचं औषध पिऊन मिरजगावहून गाडीत बसणं तुला जमणार नाही, म्हणून बुधवारी सकाळी दहा वाजता काशिफ तुला आणायला येईल. माझ्या घरी राहायचं नसेल तर दवाखान्यासमोरच्या लॉजवर मी दोन खोल्या सांगून ठेवल्या आहेत. कल्याण तुझ्याजवळ राहील आणि मी शेजारच्या खोलीत बसेन, हाक मारलीस तरच येईन. रागाने ये, अबोला धरून ये, पण ये.

तुझीच, आता लपवण्यासारखं काही न उरलेली,
शबू