उरलेल्या चार गोळ्या

ती. बाबांना नमस्कार,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देता, म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांनी आईला लघवीच्या संसर्गावर रोज एक अशी सात दिवसांची अँटिबायोटिक दिली होती. ताप उतरताच तुम्ही तिसऱ्या दिवशी थांबवली. "उरलेल्या चार घरात असलेल्या बऱ्या," म्हणून खिळ्यांच्या डब्याशेजारी जपून ठेवल्या. आता तिला पुन्हा ताप आहे.

औषधाला न जुमानणारे जंतू मी लॅबमध्ये रोज बघते. माझ्याच घरात ते पोसले जावेत, याचा मला भयंकर राग आला आहे.

जुन्या गोळ्या देऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या, लघवी तपासून घ्या.

तुमचा खोकला कसा आहे? त्यासाठीही त्या चार गोळ्यांना हात लावू नका.

पत्राला उत्तर नको. आईचा रिपोर्ट पाठवा.

तुमची,
धाकटी